तासगावहून सागरी जीवशास्त्र: कॉलेज शोधण्याआधी वाट ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावी पीसीबी गटातून झाली, नीटचा स्कोअर एमबीबीएसला पुरणार नाही, एमएचटी-सीईटी दिलेली आहे, घर तासगावजवळ. मरीन बायॉलॉजी करायचं आहे, पण सांगली-साताऱ्यात त्याचं कॉलेजच सापडत नाही. वडील म्हणतात, बीएस्सी अ‍ॅग्री कर. आणि नोकरी लागते का, हे कुणी धड सांगत नाही.

कॉलेज सापडत नाही यात तुझं काही चुकत नाही. आपल्याकडे मरीन बायॉलॉजी हा मुख्यतः एमएस्सीला घ्यायचा विषय आहे. बारावीनंतर लगेच त्याच नावाची पदवी देणारी कॉलेजं देशात मोजकी आहेत आणि त्या नावाचा पुढे फारसा फायदाही होत नाही. तुझा खरा प्रश्न वेगळा आहे. बारावीनंतर इथे दोन वाटा फुटतात. पुढे त्या वेगवेगळ्या नोकऱ्यांकडे जातात आणि मधूनच एकीवरून दुसरीवर जाणं अवघड असतं. यंदाच्या प्रवेशफेरीत तुला ही वाट निवडायची आहे. कॉलेजचं नाव त्यानंतर.

पहिली वाट मत्स्यविज्ञानाची, म्हणजे बी.एफ.एस्सी. चार वर्षांची व्यावसायिक पदवी. तुला सगळ्यात जवळचं कॉलेज रत्नागिरीतल्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. ते दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाखाली १९८१ पासून चालू आहे. तू दिलेल्या सीईटीचे मार्क इथे चालतात. या चार वर्षांत मत्स्यबीज, तलाव आणि खाऱ्या पाण्यातलं संवर्धन, माशांचे रोग, जाळी आणि नौका, प्रक्रिया, समुद्रविज्ञान असं सगळं येतं. शुद्ध जीवशास्त्र त्यामानाने कमी. पुढे एम.एफ.एस्सी.साठी (हीच मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) भारतीय कृषी संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएआरची परीक्षा द्यायची, त्यातून मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जाता येतं. १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे.

दुसरी वाट साध्या बीएस्सीची. साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट, सांगलीचं विलिंग्डन, कराडचं गाडगे महाराज कॉलेज किंवा घराजवळचं कुठलंही बरं विज्ञान महाविद्यालय घ्यायचं, प्राणिशास्त्र मुख्य ठेवायचं आणि एमएस्सीला समुद्रकिनारी जायचं. सागरी शैवालात रस असेल तर वनस्पतिशास्त्र, सागरी जिवाणूंत असेल तर सूक्ष्मजीवशास्त्र चालतं. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर, म्हणजे दुय्यम विषय निवडायला मिळतो. तिथे संख्याशास्त्र मिळत असेल तर डोळे झाकून घे. प्राणिशास्त्राला जोडून पुन्हा जीवशास्त्राचाच मायनर घेणं म्हणजे एक संधी वाया घालवणं.

आता वाट बदलणं अवघड का? एम.एफ.एस्सी.ला साधारणपणे बी.एफ.एस्सी.च लागते. प्राणिशास्त्रात बीएस्सी करून पुढे वर्सोव्याला जाऊ, असं ठरवणाऱ्या मुलांना हे तिसऱ्या वर्षी कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. बीएस्सी अ‍ॅग्रीचंही तसंच. ती पदवी चांगलीच आहे, पण तिथून समुद्राकडे सरळ वाट नाही. उलट दिशेने थोडी मोकळीक असते. बी.एफ.एस्सी. झालेल्यांना काही विद्यापीठं मरीन बायॉलॉजीच्या एमएस्सीला घेतात. मात्र हे दरवर्षीच्या माहितीपत्रकात तपासून घे, सिनियरच्या तोंडी ऐकलेल्यावर विसंबू नको.

यातली कुठली वाट चांगली, हे तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्याचं सरसकट उत्तर कुणी दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नको. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कमावणं घरची गरज असेल तर बी.एफ.एस्सी. मत्स्यव्यवसाय खात्यातली पदं, कोळंबीच्या हॅचरी, खाद्य कंपन्या, प्रक्रिया कारखाने या पदवीवर घेतात. फारशी कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट म्हणजे सरकारी बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाच्या परीक्षेलाही मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी चालते. वडिलांना हे आवर्जून सांग. अ‍ॅग्रीकडून त्यांना जी सुरक्षितता हवी आहे, तिच्यातला बराच भाग या पदवीत आहे. घरून पाच-सात वर्षं तग धरण्याइतका आधार असेल आणि तुला ‘हा प्राणी इथे का राहतो, तिथे का नाही’ असले प्रश्न पडत असतील, तर दुसरी वाट तुझी. तिथे खरं स्थैर्य पीएचडीच्या आसपास येतं. तीन किंवा चार वर्षं पदवी, दोन वर्षं एमएस्सी, साधारण पाच वर्षं पीएचडी असं धरलं, तर वय अठ्ठावीस-तीस होतं. हा हिशेब आत्ताच घरात मांडलेला बरा.

एमएस्सीसाठी कुठे जायचं? तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे, अगदी वेल्लार नदीच्या मुखाशी. कोचीत कुसॅट, म्हणजे कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे आणि केरळचं मत्स्य व महासागर विद्यापीठ आहे. पाँडिचेरी विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग अंदमानात श्री विजयपुरमला (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) आहे, तिथे सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून प्रवेश मिळतो. प्रवाळ आणि खारफुटी रोज डोळ्यांसमोर हवी असेल तर याहून चांगली जागा देशात क्वचितच मिळेल, पण सुटीत घरी यायला विमान किंवा जहाज लागेल. तुझ्यासाठी भूगोलाच्या दृष्टीने सोयीचे पर्याय दोन: कर्नाटक विद्यापीठाचं कारवार केंद्र आणि गोवा विद्यापीठ. सातारा-सांगली-मिरजेहून गोवा एक्स्प्रेस लोंड्यावरून थेट मडगाव-वास्कोला जाते. गोव्याला दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ) हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा एमएस्सीचा प्रबंध तिथे करण्याची खटपट सोपी होते. परराज्यातल्यांसाठी जागा किती, फी किती, हे मात्र प्रत्येक ठिकाणी आधी बघ. सरकारी विद्यापीठातही बाहेरच्यांची फी बरीच वेगळी असू शकते.

विभाग निवडताना इमारत आणि वेबसाइट बघू नको. तीन गोष्टी विचार: वर्षातून किती दिवस बोटीवर किंवा किनाऱ्यावर नेतात, प्रबंध बाहेरच्या संस्थेत करू देतात का, आणि मागच्या दोन-तीन बॅचची मुलं आज कुठे आहेत. तिसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं नाही तर तेही एक उत्तरच समज.

आता बीएस्सीच्या वर्षांविषयी सविस्तर लिहितो, कारण निवड इथेच होते. मुलाखतीत बोटीचे अनुभव फारसे कुणी विचारत नाही. प्राणी ओळखता येतो का, नमुना नीट घेता येतो का आणि आकडे हाताळता येतात का, एवढं बघतात. या तिन्ही गोष्टी कृष्णेच्या काठावर शिकता येतात.

प्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगत वाहणाऱ्या बारीक जीवांपासून सुरुवात कर. वनस्पती-प्लवकांसाठी सुमारे २० मायक्रॉनची जाळी लागते. समुद्रात प्राणी-प्लवकांसाठी साधारण २०० मायक्रॉनची जाळी वापरतात, पण नदीतले रोटिफर नावाचे अगदी बारीक प्राणी तिच्यातून निसटतात, म्हणून इथे ५०-६० मायक्रॉनची घे. दहा लिटरच्या बादलीने दहा वेळा पाणी ओतलंस की १०० लिटर झाले. जाळीच्या टोकाच्या बाटलीत उरलेलं पाणी मोजून ५० मिली कर. वनस्पती-प्लवकांसाठी १०० मिलीला अर्धा ते एक मिली लुगॉल (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) पुरतं, पाण्याला फिक्क्या चहाचा रंग आला पाहिजे. प्राणी-प्लवकांसाठी फॉर्मेलिन. बाजारातलं फॉर्मेलिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. त्याचा एक भाग नऊ भाग नमुन्यात घातला की सुमारे ४ टक्के होतं. हे काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत कर.

मोजणीला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा सेजविक-राफ्टर कक्ष वापर, त्यात बरोबर १ मिली मावतं. समज, १ मिलीत ४२ प्राणी दिसले. मग ५० मिलीत २१००, म्हणजे १०० लिटर नदीत २१००, म्हणजे लिटरला २१. एकाच थेंबावर विसंबू नको. किमान तीन वेळा नमुना हलवून, नव्याने १ मिली घेऊन मोज आणि सरासरी काढ. तीन आकडे एकमेकांपासून फार लांब आले तर नमुना नीट ढवळला गेलेला नाही.

चुका ठरावीकच होतात. बाटलीवर पेनाने लिहिलेलं नाव स्पिरिट लागलं की पुसतं. म्हणून जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने ठिकाण, तारीख, वेळ लिहून ती बाटलीच्या आत टाक. पावसाळ्यात गाळाने जाळी तुंबते, पाणी काठावरून सांडतं आणि आपण १०० लिटर गाळले असं धरून हिशेब करतो, तो चुकतो. प्राणी-प्लवक दिवसा खाली जातात, रात्री वर येतात, त्यामुळे एका महिन्यात सकाळी सातला आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी नमुना घेतला तर तुलनेला अर्थ उरत नाही. फॉर्मेलिन काळाबरोबर आम्लधर्मी होतं आणि जीवांची शिंपल्यासारखी चुन्याची कवचं त्यात विरघळतात, म्हणून त्यात बोरॅक्स घालायचं. आणि डीएनए तपासायचा असेल तर नमुना फॉर्मेलिनमध्ये नको, ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये ठेवायचा. समुद्रातही हे सगळं असंच चालतं. कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी प्राणी कृष्णेतही असतात आणि समुद्री प्राणी-प्लवकांत तर संख्येने बहुधा तेच सगळ्यात जास्त भरतात. हात इथे बसला की तिथे फक्त जाती बदलतात.

एक सूचना हसण्यावारी नेऊ नको: भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. पाण्यात उतरून नमुने घ्यायचे नाहीत. पूल, घाटाच्या वरच्या पायऱ्या किंवा होडी, आणि सोबत कुणीतरी. पुराच्या पाण्यात तर काठावरही जायचं नाही. नमुना राहिला तर राहू दे, वहीत ‘घेतला नाही’ असं लिहायचं. अंदाजाने भरलेला आकडा रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

किनाऱ्यावर वर्षातून दोन वेळा गेलीस तरी पुरे, पण दिवस नेमका निवड. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात खोल जाते. भरती-ओहोटीचं कोष्टक बघ, वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सगळ्यात खालच्या ओहोटीच्या दीड तास आधी रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर पोहोच. तासगावकडून कोल्हापूर, आंबा घाट असा रस्ता आहे. कराड-साताऱ्याच्या मुलांना पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण हा रस्ता आहे. अर्धा मीटर बाजूची चौकट घेऊन वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात किमान पाच-पाच ठिकाणी आत काय काय आहे ते मोज आणि फोटो काढ. चौकट आवडलेल्या जागी ठेवायची नाही. दोरी टाकून ठरावीक अंतरावर ठेवायची, नाहीतर आपण नकळत प्राणी जास्त असलेली जागाच निवडतो. काही गोळा करू नको. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. प्रवाळाचा मेलेला तुकडाही पिशवीत नको.

त्याच फेरीत मिरकरवाडा बंदरावर पहाटे जा. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा त्या सुटीत जाऊन उपयोग नाही. बांगडा, तारली, सुरमई, बोंबील यांची लांबी मोज, वजन कर, कोळणीकडून स्थानिक नाव विचार, आणि घरी आल्यावर फिशबेस या माशांच्या संकेतस्थळावर शास्त्रीय नाव पडताळून बघ. एका जातीचे शंभर मासे मोजलेस तर लांबी-वजनाचा आलेख निघतो. वजन जवळपास लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं, हे स्वतःच्या आकड्यांतून दिसलं की मत्स्यसाठ्यांचा अभ्यास कसा चालतो ते कळायला लागतं. यासाठी आर नावाची मोफत संगणक भाषा शिक, नकाशांसाठी क्यूजीआयएस. दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात.

स्कूबाविषयी जवळजवळ सगळेच विचारतात, म्हणून लिहितो. सागरी जीवशास्त्रातली बरीच माणसं कधीच बुडी मारत नाहीत. प्लवक, तळातले किडे, मत्स्यसाठे, जनुकं, उपग्रहाची माहिती, यातल्या कशालाही डायव्हिंग लागत नाही. प्रवाळावर काम करायचं असेल तरच ते लागतं, आणि मग तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे. पाडी या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग संघटनेच्या ओपन वॉटर कोर्समध्ये २०० मीटर पोहणं, १० मिनिटं तरंगणं आणि समुद्रात चार डाइव्ह असतात, मर्यादा १८ मीटर. तो एमएस्सीच्या वेळी केला तरी चालेल. पोहणं मात्र या उन्हाळ्यातच शिकून घे, नदीत नाही, जलतरण तलावात. ‘मरीन इंटर्नशिप’ म्हणून पैसे मागणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. त्या बहुधा सहली असतात. खरी संधी म्हणजे देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात आणि त्यात उलट तुला पैसे मिळतात.

नोकरीचं खरं चित्र असं. एमएस्सीनंतर पहिली नोकरी बहुतेक प्रकल्पावरची असते. प्रकल्प संपला की ती संपते. त्यातून पुढे जायचं तर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. या परीक्षेत मरीन बायॉलॉजीची मुलं कुठे अडकतात? पेपर जीवशास्त्राचा सर्वसाधारण असतो, २०० गुणांचा. त्यातले १०० गुण तिसऱ्या भागाला, म्हणजे विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांना. समुद्राचा वाटा त्यात थोडा, रेणवीय जीवशास्त्र, जनुकशास्त्र, जैवरसायन यांचा मोठा. मरीनच्या एमएस्सीत हे विषय पातळ असतात. म्हणून बीएस्सीतच ते पक्के कर. भौतिक समुद्रविज्ञानाकडे ओढा असेल तर भूविज्ञान आणि महासागरशास्त्राचा वेगळा नेट पेपर आहे, पण त्याला गणित लागतं.

पुढे कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (सीएमएफआरआय), जिचं काम १९४७ पासून चालू आहे, तिथले शास्त्रज्ञ एआरएस, म्हणजे कृषी संशोधन सेवेच्या परीक्षेतून येतात. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. जाहिरातीत कुठल्या पदव्या चालतात ती यादी विषयवार असते. मत्स्यविज्ञानवाल्यांना तिथे जास्त दारं उघडी असतात. एनआयओत बहुधा पीएचडीनंतरच भरती होते. मुंबईची फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया, चेन्नईचं किनारी संशोधन केंद्र, राज्याचा कांदळवन कक्ष हीही ठिकाणं आहेत. आणि जिथे खरोखर माणसं लागतात पण मुलं बघत नाहीत ते म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या कंपन्या. बंदर, जेटी, सांडपाण्याची समुद्रातली पाइपलाइन, काहीही करायचं तर आधी तिथले तळातले जीव, प्लवक, मासे यांची नोंद लागते. इथे वर लिहिलेली मोजणी हाच रोजगार आहे. काम कधी कंटाळवाणं असतं आणि अहवालाला मुदतीची घाई असते, पण पगार वेळेवर येतो.

जहाजावर मुलींना पाठवतात का, हे तू विचारलं नाहीस, घरचे विचारतीलच. हो, संशोधन जहाजांवर महिला शास्त्रज्ञ जातात. एनआयओचं सिंधु साधना आणि केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाचं सागर संपदा, दोन्हींवर. बोट लागणं हा मुलगा-मुलगी असा प्रश्न नाही. गोळी निघण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही.

तर आता या महिन्यात काय? सीईटीचे मार्क बरे असतील तर कृषी शाखेच्या प्रवेशफेरीत पसंतीक्रमात शिरगावची बी.एफ.एस्सी. वर टाक आणि तिच्या खाली वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे अ‍ॅग्रीची कॉलेजं टाक. त्यांचं मन राखलं जातं आणि तुझी वाटही मोकळी राहते. पण तुझा कल दुसऱ्या वाटेकडे असेल तर पसंतीक्रमात अ‍ॅग्री ठेवूच नको, नाहीतर मिळालेली जागा सोडताना घरात भांडण होईल. दोन्हींसोबत जवळच्या विज्ञान महाविद्यालयाचा बीएस्सीचा अर्जही भरून ठेव, त्याची मुदत सीईटीच्या फेऱ्यांआधी संपू शकते. तुझे सीईटीचे पर्सेंटाइल आणि प्रवर्ग इथे लिहिलेस तर पसंतीक्रम कसा लावायचा ते जास्त नेमकं सांगता येईल.